मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाची उजळणी : व्याख्या राहू द्या, प्रयोग सांगा

दांडियाबाजारची मावशी

माझी भाची यंदा पहिल्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. बारावीपर्यंत गुजराती माध्यम, घरात मराठी आणि आता हातात जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक. वडोदऱ्यातल्या आपल्या बऱ्याच घरांत मुलांचं असंच असतं. मी याच विषयात एमए केलेलं, म्हणून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी संध्याकाळी माझ्याकडे उजळणीला बसतात.

तिघींच्या वह्या सुरेख आहेत. व्याख्या निळ्या शाईत, खाली लाल रेघ. अभिजात अभिसंधान (एका गोष्टीची दुसरीशी जोड लागून होणारं शिकणं) म्हणजे काय, विचारा. घडाघडा म्हणून दाखवतील. पण पावलॉव्हने त्या कुत्र्यांचं नेमकं मोजलं काय, असं विचारलं की तिघी एकमेकींकडे बघतात.

माझं ठाम मत आहे की या विषयातली संकल्पना तिच्या प्रयोगात राहते. प्रयोग कळला की व्याख्या आपल्या शब्दांत करता येते. नुसती व्याख्या पाठ असेल तर परीक्षेत उदाहरण जरा फिरवून दिलं की मुलं गडबडतात. म्हणून प्रत्येक संकल्पनेला तीन प्रश्न विचारायचे: प्रयोगकर्त्याने बदललं काय? मोजलं काय? आणि बाकीचं काय सारखं ठेवलं?

सुरुवात पावलॉव्हपासून करते. हा मुळात शरीरशास्त्रज्ञ. १९०४ चं नोबेल त्याला पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं. कुत्र्याच्या गालातून नळी काढून लाळ बाहेर घेतली जाई, म्हणजे ती थेंबाथेंबाने मोजता येई. नुसत्या मेट्रोनोमच्या टकटकीने लाळ सुटत नव्हती. टकटक आणि लगेच अन्न, असं पुन्हा पुन्हा झाल्यावर टकटक ऐकूनच लाळ येऊ लागली. बदललं काय, तर टकटक आणि अन्न यांची जोडी. मोजलं काय, तर लाळ. अन्न हे अनभिसंधित उद्दीपक, म्हणजे न शिकवता लाळ आणणारं; टकटक हे अभिसंधित, शिकल्यावर आणणारं. क्रमही महत्त्वाचा: अन्न आधी आणि टकटक मागून असेल, तर शिकणं फारसं होत नाही.

मुली जे हमखास वगळतात ते पुढे आहे. अन्न देणं बंद करून नुसती टकटक चालू ठेवली तर लाळ कमी होत जाते. हे विलोपन. पण कुत्र्याला थोडी विश्रांती देऊन पुन्हा टकटक ऐकवली की लाळ परत येते, पहिल्यापेक्षा कमी, पण येते. याचा अर्थ, शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, दबलं होतं. एखाद्याची भीती गेली गेली म्हणता म्हणता पुन्हा का उसळते, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने हा उत्स्फूर्त पुनरुद्भव नीट वाचावा.

इथे कुणी विद्यार्थी, शिक्षक असतील त्यांनी आपापल्या अडलेल्या जागा लिहा. एकेक घेऊ.

प्रथम_वर्ष

मावशी, धागा अगदी वेळेवर आला. माझं ऋण प्रबलनावर अडतं. ऋण म्हणजे वाईट, म्हणजे शिक्षाच ना? आमच्या वर्गात निम्म्यांनी तसंच लिहिलंय.

रावपुऱ्याचे मास्तर

मी बरीच वर्षं हा विषय शिकवला. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकात मिसळू नका. पहिला: वर्तनानंतर काही दिलं की काही काढून घेतलं? दिलं तर धन, काढलं तर ऋण. बेरीज-वजाबाकी, बस्स. चांगलं-वाईट इथे नाहीच. दुसरा: त्यामुळे ते वर्तन पुढे वाढलं की कमी झालं? वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पेटीत उंदीर दांडी दाबतो आणि दाणा मिळतो, दाबणं वाढतं: धन प्रबलन. पायाखाली विजेचा सौम्य झटका चालू आहे, दांडी दाबली की तो थांबतो, दाबणं वाढतं: ऋण प्रबलन. दांडी दाबल्यावर झटका बसतो, दाबणं कमी होतं: ही शिक्षा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगात झटका आहेच, पण एकात वर्तन वाढतं आणि दुसऱ्यात घटतं.

आता आपल्या रस्त्यावर या. गाडीत पट्टा लावेपर्यंत टिंगटिंग वाजत राहतं, पट्टा लावला की थांबतं. पट्टा लावण्याचं वर्तन वाढलं, नकोशी गोष्ट गेली. ऋण प्रबलन. हेल्मेट नाही म्हणून चौकात पावती फाडली: खिशातले पैसे गेले आणि बिनहेल्मेटचं फिरणं कमी झालं, तर ती ऋण शिक्षा. आणि पुढच्या चौकात पोलीस असेल म्हणून आधीच हेल्मेट चढवलं तर? दंड टळला, हेल्मेट घालणं वाढलं, हे पुन्हा ऋण प्रबलन, टाळण्याच्या प्रकारातलं. एकाच हेल्मेटच्या दोन बाजू झाल्या! म्हणून आधी ठरवा की आपण कोणत्या वर्तनाबद्दल बोलतोय. उत्तर तिथेच अर्धं सुटतं.

आणखी एक. वर्गात मी ओरडलो आणि मुलगा गप्प बसला, म्हणून ती शिक्षा ठरत नाही. दुसऱ्या दिवशी तो जास्तच बोलायला लागला, तर माझं ओरडणं त्याच्यासाठी प्रबलन ठरलं. त्याला लक्ष हवं होतं, ते मिळालं. देणाऱ्याचा हेतू इथे मोजत नाहीत, परिणाम मोजतात.

प्रथम_वर्ष

मास्तर, हे आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं. ‘आधी वर्तन ठरवा’ हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

दांडियाबाजारची मावशी

मास्तर, मन भरलं वाचून. याच्याच पाठोपाठ प्रबलनाची वेळापत्रकं येतात, म्हणजे बक्षीस कितव्या प्रयत्नाला किंवा किती वेळाने मिळतं याचे नियम, त्यांना उत्तरायणाइतकं चांगलं उदाहरण आपल्याला कुठे मिळणार? सकाळपासून अगाशीवर पोरं उभी. एखादा पतंग पहिल्याच पेचात कापला जातो, नंतर कितीतरी पेच वाया जातात, मग लागोपाठ दोन मिळतात. ‘काप्यो छे’ची आरोळी कितव्या पेचाला निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं. हे बदलतं-प्रमाण वेळापत्रक. स्किनरच्या कबुतरांनी अशा वेळापत्रकात भराभर आणि न थांबता चोच मारली, आणि दाणे बंद केल्यावरही खूप वेळ मारत राहिली. जेवायला हाक मारून पोरं खाली येत नाहीत, त्याचं कारण हे. ठरावीक-प्रमाणात, म्हणजे दर ठरलेल्या प्रयत्नांनंतर बक्षीस असेल तेव्हा, मात्र बक्षीस मिळाल्यावर थोडी विश्रांती दिसते. आणि पगारासारखं ठरावीक मुदतीला मिळणारं असेल तर मुदत जवळ आली की जोर चढतो. बाकीची दोन-तीन ओळींत आटपतात, मुलींनो, त्यात फार गुंतू नका.

पोळातली_वीणा

मी परिचारिका आहे, मानसशास्त्राचा एक पेपर आम्हालाही होता. माझी शंका पावलॉव्हबद्दल आहे. माझ्या धाकट्या दिराने एकदा एका लारीवर शेव उसळ खाल्ली, आणि रात्री उलट्यांनी हैराण झाला. गावात पोटाची साथ होती, उसळीचा दोष होता की नाही देव जाणे, त्याच्याबरोबर खाल्लेल्या इतरांना काही झालं नाही. पण तेव्हापासून त्या तर्रीचा वास आला की तो ताटावरून उठतो. वडोदऱ्यात राहून शेव उसळ बंद, सांगा आता! हे अभिसंधानच ना? पण पावलॉव्हच्या नियमात हे बसत नाही. एकदाच जोडी झाली, आणि तीही कित्येक तासांच्या अंतराने.

दांडियाबाजारची मावशी

वीणाताई, नेमकं बोट ठेवलंत! तुमच्या दिराला जे झालं त्याला चव-विमुखता म्हणतात, आणि याच शंकेने अभिसंधानाच्या सिद्धान्ताला मोठा धक्का दिला. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांचा १९६६ चा प्रयोग बघा. उंदरांना गोड चवीचं पाणी दिलं आणि ते पिताना दिवा आणि खटका यांचीही जोड दिली. म्हणजे पाण्याला चव होती, प्रकाश होता, आवाज होता. मग काही उंदरांना पोटात मळमळेल असं केलं, काहींना पायाला विजेचा झटका दिला. पुढे चव वेगळी आणि दिवा-आवाज वेगळा करून पाहिलं. मळमळलेले उंदीर गोड चव टाळू लागले, दिव्याची त्यांना फिकीर नव्हती. झटका बसलेले उंदीर दिवा आणि आवाज टाळत होते, चवीचं त्यांना काही नव्हतं.

म्हणजे कुठलंही उद्दीपक कुठल्याही परिणामाशी सारख्याच सहजतेने जोडलं जातं, हे खरं नाही. पोट बिघडलं तर शरीर खाल्लेल्यावर संशय घेतं, खोलीतल्या दिव्यावर नाही. जगण्यासाठी ते उपयोगाचंच आहे. आणि तुम्ही म्हणालात तसं, एकदाच होऊनही हे पक्कं बसतं, मधे काही तास गेले तरी. दिराला माहीत असूनही की दोष उसळीचा नसेल, वास आला की पोट ढवळतं, कारण हे शिकणं विचार करून झालेलं नाही. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना उपचाराआधी खाल्लेला पदार्थ पुढे नकोसा होतो, हेही यातलंच. तुमच्या कामात हे दिसलं असेल.

पोळातली_वीणा

रोज दिसतं. म्हणून आता मी घरच्यांना सांगते, त्या दिवशी रुग्णाच्या फार आवडीचं काही करून आणू नका. कारण आज नीट कळलं.

राजवाडा_इंदूर

इंदूरहून नमस्कार. इथेही मराठी घरांत हेच चालू आहे, फक्त गुजरातीच्या जागी हिंदी. स्मृतीवर थोडं लिहिते.

हर्मान एबिंगहाउसने स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. अर्थहीन अक्षरगट तयार केले, कारण अर्थ असला की जुन्या आठवणी मदतीला धावतात. यादी बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ केली, मग काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. १८८५ साली हे छापलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि पुढे मंदावतं, हा त्याचा वक्र. पण त्याची मोजायची पद्धत मला जास्त मोलाची वाटते. समोर बसून एक अक्षर आठवत नाही, तरी पुन्हा पाठ करताना वेळ वाचतो. म्हणजे काहीतरी शिल्लक असतं. मागच्या वर्षीचं सगळं विसरले म्हणून रडणाऱ्या मुलांना मी हे सांगते.

अल्पकालीन स्मृतीत सात अधिक-उणे दोन घटक, हे जॉर्ज मिलरचं १९५६ चं. घटक म्हणजे अंक नव्हे, गट. मोबाइलचे दहा अंक आपण पाच-पाच करून म्हणतो ते त्यासाठी. नेल्सन कोवनने २००१ मध्ये दाखवलं की गट करायला वाव ठेवला नाही तर क्षमता चारच्या आसपास येते. पेपरात दोन्ही लिहा.

दांडियाबाजारची मावशी

यात हेन्री मोलेसन आलाच पाहिजे. पुस्तकात तो ‘एच. एम.’ आहे. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली शस्त्रक्रिया करून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी तयार करायला लागणाऱ्या भागाचा) मोठा भाग काढला. तेव्हापासून नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नरने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दोन रेघांची चांदणी, पेन्सिल त्या रेघांच्या मधून फिरवायची. तीन दिवसांत त्याच्या चुका कमी होत गेल्या. आणि दर दिवशी तो म्हणे, हे मी कधी केलेलं नाही. काय केलं त्याची आठवण आणि कसं करायचं त्याची आठवण, या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, हे त्या कागदांवर दिसलं.

आम्ही ते घरी करून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर कपाटातला आरसा भिंतीला टेकवून उभा केला. पाठ्यपुस्तक उभं उघडून मध्ये आडोसा केला, म्हणजे हात थेट दिसू नये. कागदावर मोठी चांदणी, आत समांतर रेघ. भाचीची पेन्सिल पहिल्याच टोकाला अडली. आरशात वर जायचं दिसतं आणि हात खाली ओढतो, मनगट थरथरतं, रेघ जागच्या जागी गिरमिटून काळी होते. दात आवळून तिने ती पुरी केली. आठव्या-नवव्या कागदाला हात सरळ वळायला लागला. कसा, ते तिला सांगता येईना. मी म्हटलं, जे सांगता येत नाही पण हाताला येतं, त्यालाच प्रक्रियात्मक स्मृती म्हणतात. तिला व्याख्या पाठ करावी लागली नाही.

विश्वामित्री_काठ

धागा चांगला आहे, पण मला एक मूलभूत अडचण आहे. जे प्रयोग मुलांना शिकवता, त्यातले किती खरे? विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवलेल्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगावर केवढी टीका झाली. २०१५ मध्ये शंभर मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर फक्त ३६ टक्क्यांत निकाल सांख्यिकीय कसोटीला उतरला. मग प्रयोगांवर एवढा भर कशाला?

रावपुऱ्याचे मास्तर

आकडा बरोबर आहे, आणि तो मुलांपासून लपवू नये. पण त्यावरून मी नेमका उलट निष्कर्ष काढतो. ज्याला नुसती व्याख्या येते, त्याला कुठलं विधान टिकतं आणि कुठलं नाही हे सांगता येणारच नाही. एबिंगहाउसचा वक्र २०१५ मध्ये पुन्हा तपासला, तो तसाच मिळाला. स्टॅनफर्डच्या अभ्यासात मुळात तुलनेचा गटच नव्हता आणि पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या. प्रयोगात काय बदललं होतं हे विचारण्याची सवय असलेल्याला ती फट दिसते.

बघ्यांच्या परिणामाचंच घ्या, म्हणजे बघे जास्त तर मदत कमी. बहुतेक पुस्तकं १९६४ च्या न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीजच्या खुनापासून सुरू होतात, की ३८ जणांनी पाहिलं आणि कुणी काही केलं नाही. ती बातमी फुगवलेली होती, हे पुढे त्या वर्तमानपत्रानेही मान्य केलं. म्हणून संकल्पना खोटी ठरली का? नाही, कारण ती बातमीवर उभीच नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा १९६८ चा प्रयोग बघा. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत, बोलणं ध्वनियंत्रणेतून. एकाला अपस्माराचा झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत होता, तेव्हा ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. बदललं काय, तर इतर किती आहेत याबद्दलची समजूत. मोजलं काय, तर मदतीला किती जण आणि किती वेळात उठले. बातमी गेली, प्रयोग राहिला.

पोळातली_वीणा

मास्तर, पण २०२४ च्या पुरात आमच्याकडे उलट दिसलं. पाणी चढायला लागलं तेव्हा कुणी कुणाची वाट बघत उभं राहिलं नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांना ओढून वर घेतलं, गॅसच्या शेगड्या एकत्र केल्या.

रावपुऱ्याचे मास्तर

ते सिद्धान्ताच्या विरुद्ध नाही. पुढे अशा कितीतरी अभ्यासांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की धोका उघड आणि मोठा असेल तर बघ्यांचा परिणाम कमी होतो. डार्ली-लाताने यांच्या प्रयोगात प्रसंग नुसता ऐकू येत होता, माणसं अनोळखी होती, एकमेकांना दिसतही नव्हती. पुरात दाराशी पाणी आलेलं सगळ्यांना दिसत होतं. पेपरात हा प्रसंग लिहायला हरकत नाही, फक्त फरक कशात आहे तो लिहा.

विश्वामित्री_काठ

पटलं. फसलेले प्रयोगही असेच शिकवले पाहिजेत, एवढं माझं म्हणणं कायम.

प्रथम_वर्ष

सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र बदलताना दिसणं) आणि कारण यांवर कुणी बोलेल का? आमच्या सरांनी विचारलं, हंसा मेहता ग्रंथालयात रोज बसणाऱ्यांना जास्त मार्क मिळतात असं दिसलं, तर ग्रंथालयामुळे मार्क वाढतात असं म्हणता येईल का?

दांडियाबाजारची मावशी

नाही म्हणता येणार. ज्यांना आधीच अभ्यासाची ओढ आहे तेच तिथे जाऊन बसत असतील. किंवा ज्यांच्यावर घरकामाचा, नोकरीचा भार नाही त्यांनाच तिथे बसायला वेळ मिळत असेल, आणि मार्कही त्या मोकळ्या वेळाने वाढत असतील. हा तिसरा घटक मुलींच्या बाबतीत तर मी रोज पाहते. कारण सिद्ध करायचं तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना ग्रंथालयात बसवा, निम्म्यांना घरी. चिठ्ठीला कुणाची ओढ आणि कुणाची सवड कळत नाही, म्हणून दोन्ही गट सरासरीने सारखे होतात. याला यादृच्छिक विभागणी म्हणतात. अभ्यासासाठी माणसं कुठून निवडली, ती यादृच्छिक निवड, ती वेगळी गोष्ट. निवडीने निष्कर्ष किती लोकांना लागू करायचा ते ठरतं, विभागणीने कारण सांगता येतं. हा फरक पाच मार्कांना येतो.

आता तुझी पाळी. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर, १९७४, मोटारींच्या टकरीची चित्रफीत. पुस्तक बंद करून लिही.

प्रथम_वर्ष

पुस्तक बंद आहे, खरंच. टकरीच्या चित्रफिती सगळ्यांना त्याच दाखवल्या. नंतर वेग किती होता हे विचारलं, पण प्रश्नातलं क्रियापद गटागटाला वेगळं. ‘जोरात आदळल्या’ विचारलेल्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या वर सांगितला, ‘लागल्या’ विचारलेल्यांनी कमी. बदललं ते क्रियापद, मोजलं ते वेगाचं अनुमान, सारखी ठेवली चित्रफीत. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ गटातले जास्त जण हो म्हणाले. यावरून आठवण ही साठवलेली चित्रफीत नसते, आठवताना ती पुन्हा रचली जाते.

राजवाडा_इंदूर

शाब्बास! दुसऱ्या प्रयोगाचे आकडेही देते: ‘आदळल्या’ गटात ५० पैकी १६ हो म्हणाले, ‘लागल्या’ गटात ५० पैकी ७, आणि वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या गटात ५० पैकी ६. हा तिसरा गट विसरू नकोस, तुलना त्याच्याशी आहे.

आणि आत्ता जे केलंस, पुस्तक मिटून आठवणं, त्यावरही प्रयोग आहे. रोडिगर आणि कार्पिक, २००६. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. रात्री वाचलेलं ‘येतंय’ असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं.

दांडियाबाजारची मावशी

मुलींना हे आज रात्रीच वाचून दाखवते. पुढच्या खेपेला मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा पियाजे घेऊ: दोन सारख्या पेल्यांत पाणी, मग एकातलं उंच बारीक पेल्यात ओतायचं. ज्यांच्या घरात चार-पाच वर्षांचं आणि आठ-नऊ वर्षांचं असं मूल आहे त्यांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, ‘आता कुणात जास्त?’ आणि ‘का?’ उत्तर चुकलं तरी मुलांना सुधारू नका. त्यांचे शब्द जसेच्या तसे इथे लिहा, कारण दिलेलं मुद्दाम लिहा.